चारवरच चालणारा पंखा

वार्षिकासाठी काहीतरी लिही, असे मराठीच्या सरांनी सांगितले आणि माझ्यापुढे विषयाचा प्रश्न उभा राहिला. मैत्रिणींनी आपापले विषय भराभर वाटून घेतले. कुणी 'पहिला पाऊस' घेतला, कुणी 'माझे गाव', कुणी 'आई'. पाऊस आमच्या बालाघाटाच्या कुशीत निबंधापुरतासुद्धा धड पडत नाही, तेव्हा तो मी आनंदाने सोडून दिला. 'आई' हा विषय मात्र मला हवा होता. पण आईवर लिहायला बसले की मध्येच एक मोटर आडवी येते. मोटर म्हणजे मोटारगाडी नव्हे. गाडीच्या डॅशबोर्डाच्या पोटात लपवलेली, सोललेल्या नारळाएवढी एक विजेची मोटर. तिच्या टोकाला पट्ट्यापट्ट्यांचा एक गोल पंखा असतो. आपण समोरचे बटण फिरवले की जाळीतून तोंडावर हवा येते, ती या पंख्याची. याला ब्लोअर म्हणतात. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना हे ठाऊकच असेल. मला ते वयाच्या अठराव्या वर्षी कळले. तेव्हा त्या मोटरीवरच लिहिते. आई तिच्या मागून येईल.

आधी मी या धंद्यात शिरले कशी ते सांगितले पाहिजे. माझे आईवडील ऊसतोड करतात. गाव वडवणी तालुक्यातले. दसरा झाला की मुकादमाची उचल घ्यायची, भांडीकुंडी बांधायची आणि साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघायचे, ते पट्टा पडेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतायचे नाही, हा आमच्या गावातल्या निम्म्या घरांचा रिवाज. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार! त्यातले एक माणूस आजारी पडले की उरलेल्याचा 'अर्धा कोयता' होतो. मी आज्जीपाशी आणि गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शिकले. दोन हंगाम कोपीवरही गेले. त्यामुळे दुसरीचे आणि पाचवीचे पुस्तक माझे आजतागायत अर्धेच वाचून झालेले आहे. आज्जी गेली त्या वर्षी मला बीडला मामाकडे धाडले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, हे मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पास होईन की नाही, हे मात्र ती विचारत नाही.

मामाचे जालना रोडच्या एका बोळात ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचे शेड, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, भिंतीला टांगलेल्या वायरींची जुडगी आणि एका फळीवर उघडून ठेवलेले स्टार्टर अन् डायनामो. सकाळचे तास आटोपले की मी दुपारी तिथे जाते. गेले ती उधारीची वही लिहायला. पण एकदा मामाचा हात एका गाडीच्या डॅशबोर्डामागे काही केल्या जाईना. 'तुझा हात बारीकय माय, घाल बरं आत,' असे तो म्हणाला. माझा हात आत गेला, आणि त्याच्यामागे मीही गेले म्हणा ना.

गिऱ्हाइकांची अडचण व्हायची. मी पक्कड हातात धरून समोर उभी असले तरी येणारा विचारायचा, 'मामा कुठंय?' मामा समोर असला तर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, 'ते तिला सांगा.' मग गिऱ्हाईक मामाकडे बघत मला सांगायचे. अजूनही तसेच सांगतात. मी आता त्याकडे लक्ष देत नाही, किंवा देत नाही असे दाखवते.

मामाच्या तोंडून पहिल्यांदा 'रजिस्टर जळालं' असे ऐकले तेव्हा मी दचकले होते. मला वाटले आमच्या कॉलेजातले हजेरीचे रजिस्टर. माझी हजेरी त्या महिन्यात तशी नाजूकच होती, तेव्हा क्षणभर बरेही वाटले! नंतर कळले की सगळे मिस्त्री रेझिस्टरलाच रजिस्टर म्हणतात. एका तळव्याएवढ्या पट्टीवर तारेची लहानमोठी वेटोळी बसवलेली असतात. पंखा एकवर ठेवला की वीज सगळ्या वेटोळ्यांतून वळसे घेत मोटरीकडे जाते, वाटेत तिची ताकद खर्ची पडते, आणि पंखा हळू फिरतो. दोनला वळसा कमी, तीनला आणखी कमी. चारवर मात्र वीज रजिस्टरच्या दारात जातच नाही. सरळ मोटरीत शिरते. खर्ची पडलेली ताकद जाते कुठे? तिची उष्णता होते. म्हणून हे रजिस्टर मुद्दाम पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत बसवलेले असते. पंख्याने याला थंड ठेवायचे आणि याने पंख्याला आवरायचे, असा दोघांचा संसार.

तर गेल्या वर्षी संक्रांतीच्या चार दिवस आधी एक जीप दुकानापुढे येऊन थांबली. गाडी कोणत्या कंपनीची होती ते लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. गाडी पंधरा वर्षांची होती. गाडीवाले आमच्याच गावचे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हंगामात ते गाव ते कोपी अशा खेपा करतात. कुणाला सोडायचे, कुणाला आणायचे, कुणाचे लेकरू पोचवायचे. अण्णा म्हणाले, 'पंखा चारवरच चालायलाय. एक, दोन, तीनला मेल्यावानी गप. पहाटं काच धुरकटायलीय, अन् चारवर टाकलं तर गारठ्यानं माणसं वरडायलीत.'

काच का धुरकटते हे सांगायला विज्ञान शाखेत जावे लागत नाही. आत आठदहा माणसांचा श्वास, बाहेर पहाटेची थंडी; श्वासातली वाफ गार काचेवर टेकते आणि तिचे दव होते. ब्लोअरची कोरडी, ऊबदार हवा काचेवर लागली की ते उडून जाते. दिवसा ब्लोअर ही चैन असेल, थंडीतल्या रात्री घाटात ती डोळ्यांची गोष्ट आहे.

मामा त्या दिवशी परळीला गेला होता. मी अण्णांना थांबा म्हणाले असते तर ते थांबले असते. पण मला अक्कल दाखवायची होती. चारवर चालतो म्हणजे मोटर जिवंत आहे, फ्यूज शाबूत आहे, बटणापर्यंत वीज आहे. एक, दोन, तीन बंद म्हणजे त्या तिन्हींना जो समाईक आहे तो मेला आहे. समाईक कोण? रजिस्टर. मी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. मोटरीच्या कपलरवर चारला दिवा लख्ख, बाकी तिन्हींना अंधार. डाव्या बाजूचा खण काढून हात आत घातला, दोन स्क्रू सोडवले, रजिस्टर बाहेर आले. त्याच्यावर एक टाक्याचा जोड असतो, फाजील तापले की तो स्वतःच सुटतो आणि वीज तोडतो. तो सुटलेला होता. निदान अगदी पुस्तकात छापावे असे! शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ४५० रुपयांना नवे आणले, बसवले, आणि एक, दोन, तीन, चार असा पंखा सुरात म्हणून दाखवला. मजुरी २०० रुपये. अण्णा खूश. मुद्दाम सांगते, ते २०० रुपये मामाने मलाच ठेवायला सांगितले आणि मी त्यांचे दुसऱ्या दिवशी पुस्तक आणले.

पण दोन गोष्टी मी पाहिल्या होत्या आणि पाहून सोडून दिल्या होत्या. एकवर टाकल्यावर पंखा लगेच उचलला नव्हता. क्षणभर नुसता घुमला आणि मग फिरला. आणि जाळीतून एक वास आला होता, चिंधी जळाल्यासारखा. नवे रजिस्टर तापल्याचा असेल, असे मी मलाच सांगितले. जळालेले रजिस्टर हातात घेऊन मी ते का जळाले हे विचारलेच नाही. मेलेल्याला उचलून दुसरा उभा केला.

बारा दिवसांनी कोपीवरून दादांचा फोन आला. आईच्या पायावर कोयता बसला होता. पहाटे अंधारात तोडताना निसटला. टाके तिकडेच घातले होते, पण जखम चिघळली, ताप येऊ लागला. कोपीत पाय वर घेऊन बसायला जागा कुठली? दादा काम सोडून येऊ शकत नव्हते. आई निघाल्यावर ते अर्धा कोयता होऊन दुसऱ्याच्या जोडीला लागायचे होते. अण्णांची जीप त्याच दिवशी तिकडे गेलेली होती. तिच्यातून आई यायला निघाली. सोबत दोन बायका, एक म्हातारेबाबा, चार लेकरे. अण्णा धरून नऊ माणसे.

संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे चारपर्यंत बीडला लागायला हवी होती. मी आणि मामी चूल पेटवून बसलो होतो. पाच झाले, सहा झाले. फोन लागत नव्हता. त्या दोन-तीन तासांत माझ्या मनात काय काय आले ते लिहीत नाही. त्यात पंखा मात्र एकदाही आला नाही, हे खरे. साडेसातला जीप बोळात वळली. तिच्या सगळ्या काचा उघड्या होत्या. जानेवारीच्या पहाटे!

अण्णा खाली उतरले तेव्हा त्यांना नीट उभे राहता येत नव्हते. त्यांनी सांगितले ते असे. बार्शी सोडल्यावर पंखा दोनवर होता, तो बंद पडला. जळका वास आला. त्यांनी चारवर टाकला, थोडा वेळ चालला, आणि येरमाळ्याच्या अलीकडे फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. इथे अण्णांचे मी आयुष्यभर उपकार मानीन. पुष्कळ ड्रायव्हर अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळतात आणि वेळ मारून नेतात. अण्णांनी तार घातली नाही. काचेला तंबाखू चोळून पाहिली, फडके फिरवून पाहिले. फडके भिजून गेले. शेवटी खिडक्या उघडल्या, आणि चौसाळा, मांजरसुंब्याचा घाट, पाली हे सगळे त्यांनी बैलगाडीच्या चालीने काढले.

पाय लांब करता यावा म्हणून आईला पुढे बसवले होते. ती खाली उतरली तेव्हा माझे लक्ष आधी तिच्या पायाकडे गेले, आणि मग पदराकडे. पदराचे टोक काळेकुट्ट आणि ओले झाले होते. येरमाळ्यापासून बीडपर्यंत तिने त्या पदराने अण्णांच्या पुढची काच पुसली होती. अंगात ताप, खिडक्या उघड्या, आणि दर दोन मिनिटांनी वाकून काच पुसायची. मामीने तिला आत नेले, गोधड्यांवर गोधड्या घातल्या. दुपारी डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शने दिली, तीन दिवसांत ताप उतरला. हे मी चटकन सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकला असेल. माझाही अडकला होता.

मामाने अण्णांची गाडी शेडपुढे लावली आणि मला हाक मारली. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, 'तूच उघडलं व्हतंस. आता तूच बघ.'

आमच्या तर्कशास्त्राच्या सरांनी बारावीला मला ग्रंथालयातले एक जुने, पाने सुटलेले पुस्तक दिले होते. त्यात जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली मांडलेल्या रीती होत्या. कारण कसे शोधावे? दोन प्रसंग घ्यावेत. एकात घटना घडते, दुसऱ्यात घडत नाही. बाकी सगळे तेच, फक्त एका गोष्टीचा फरक. तर तो फरकच कारण, किंवा कारणाचा भाग. हिला व्यतिरेक पद्धती म्हणतात. परीक्षेत मी यावर आठ गुणांचे उत्तर लिहिले होते. त्या सकाळी मी जीपच्या डाव्या बाजूच्या पायाजवळ पाठीवर पडून तेच उत्तर पुन्हा लिहीत होते, फरक इतकाच की आता तोंडावर धूळ पडत होती.

मोटरीचा कपलर सोडला. नवा फ्यूज घातला, पंखा चारवर. फ्यूज राहिला. कपलर जोडला. फ्यूज उडाला. बाकी सगळे तेच, फरक फक्त मोटरीचा. म्हणजे वायरिंग निर्दोष, दोष मोटरीतच. आणि कपलर हातात घेतला तेव्हा त्याचे प्लास्टिक एका कडेला मेणासारखे वितळलेले दिसले. तिथून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहत होती, आणि ती कालपासून नव्हे, बऱ्याच दिवसांपासून.

तीन स्क्रू सोडवले आणि मोटर पंख्यासकट खाली ओढली. तिच्यामागून माझ्या छातीवर जे पडले ते पाहून मी किंचाळले. कापूस! मूठ-दोन मुठी कापूस, त्यात सरकी, तुरीच्या शेंगांची टरफले, वर्तमानपत्राचे कपटे. उंदराने संसार मांडला होता. अण्णांच्या घरी भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस छपरात भरून ठेवलेला, आणि जीप रात्री त्याच छपराखाली लागते. समोरच्या काचेखाली, वायपरच्या जवळ, बाहेरची हवा आत घ्यायला भोके असतात. उंदीर तिथून उतरला आणि पंख्याच्या वाऱ्यात, इंजिनाच्या उबेत, आयत्या कापसाचा बिछाना करून राहिला. आमच्या जिल्ह्यात कापसाने शेतकऱ्याला गुंतवलेले मी पाहिले आहे. मोटरीला गुंतवलेले प्रथमच पाहिले.

चांगली मोटर बोटाच्या टोकाने ढकलली की दोन गिरक्या स्वतःच घेते. ही मुठीत धरूनही फिरेना. पंखा आणि मोटरीचे अंग यांच्यामध्ये, दांड्याभोवती, कापसाचा धागा पिळून पिळून सुतळीसारखा घट्ट बसला होता. तो मी टोकदार चाकूने कापून काढला. बुश कोरडे पडले होते. मोटर उघडली तर आर्मेचरच्या टोकाची तांब्याची गोल पट्टी, जिच्यावर कार्बन घासतात ती, काळी ठिक्कर. कार्बन अर्धे झिजलेले.

आता मला त्या जळक्या रजिस्टरचा जबाब ऐकू येऊ लागला. दांड्याला फास बसलेला, म्हणून मोटर ओढत होती जास्त वीज. दहावीला आपण सगळ्यांनी जूलचा नियम पाठ केलेला आहे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे रजिस्टर तापणार जास्त. आणि त्याला थंड करायचा जो वारा, तो कापसाने अडवलेला आणि पंखा मंदावल्याने आधीच तोकडा. जास्त आग, कमी वारा. मी नवे घातले, तेही बारा दिवसांत त्याच वाटेने गेले. मग मी रजिस्टरच्या जागी टॉर्च मारला. त्याच्या तोंडाशी चिकटलेला कापूस तपकिरी पडला होता, कडेला काळा. म्हणजे तो पेटायच्या बेतात होता. त्या गाडीत नऊ माणसे होती.

मी शेडबाहेर जाऊन बसले. मामाने पाणी दिले. तो म्हणाला, 'जळालेली वस्तू बदलणं ह्यो दुकानदाराचा धंदा हाय. ती जळाली कामून, हे बघणं मिस्त्रीचा.' मग जरा थांबून म्हणाला, 'माझ्या हातूनबी झालंय असं.' पुढचे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

येथे एक वाकडी वाट घेते. मोटर टेबलावर उघडी पडली होती, दोन्ही बाजूंना चुंबक, मध्ये तारांचे वेटोळे. अशी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते हे १८२१ साली मायकेल फॅरडेने पहिल्यांदा करून दाखवले. हा लोहाराचा मुलगा. पोरवयात पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारीला होता आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून काढायचा. विज्ञानाची पोरे त्याला मोठ्या आदराने फक्त सूत्रात भेटतात. मला तो त्या सकाळी शेडमध्येच भेटला असे वाटले. पण त्याच्या मोटरीत उंदीर गेला नव्हता, एवढे त्याचे नशीब चांगले.

काम दुपारभर चालले. बाजारात पूर्ण नवा संच मिळतो. 'मोटर गेली, संच बदला' असे दहाजणांतले आठजण अण्णांना सांगतील, आणि अण्णांच्या दोन खेपांची कमाई त्यात जाईल. शिवाय उंदराची वाट उघडीच राहिली असती तर नव्या संचाचेही तेच झाले असते. आम्ही जुनीच मोटर उभी करायचे ठरवले. तांब्याची पट्टी बारीक पॉलिश पेपरने साफ केली, दोन पट्ट्यांमधल्या फटीतला कार्बनचा भुगा सुईने काढला, नवे कार्बन टाके देऊन बसवले. बुशला तेल एकच थेंब. हे मामाने तीनदा बजावले, कारण जास्त झालेले तेल कार्बनवर उतरते आणि मग पुन्हा पहिले पाढे. पंख्याच्या एकेका पट्टीतला गाळ जुन्या दातघासणीने काढला. पट्टीपट्टीला धूळ कमीजास्त बसली की पंखा थरथरतो आणि बुश खातो. वितळलेला कपलर कापून नवा जोडला, नवे रजिस्टर घातले, आणि वायपरखालच्या भोकांना आतून बारीक तारेची जाळी लावली.

आणि या वेळी मी मोजले. दांडा सोडवण्याआधी मोटर बॅटरीवर थेट लावून पाहिली होती, तेव्हा मामाच्या जुन्या अँपिअर मीटरचा काटा पंचवीसच्या पुढे धावला होता आणि मी वायर झटकन ओढून घेतली होती. आता चारवर काटा नऊपर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मी वीस मिनिटे त्याच्याकडे बघत बसले. मामा म्हणाला, 'आता त्याला झोप येईल, बंद कर.' वहीत त्याने स्वतः लिहिले : रजिस्टर २, पैकी एक आपल्याकडून. मजुरीच्या रकान्यात रेघ मारली. माझे ते पुस्तकाचे २०० रुपये मी अण्णांना देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पुस्तक अजून माझ्या पेटीत आहे. मी ते अजून पूर्ण वाचलेले नाही.

आईला सांगायचे राहिले होते. चार दिवस मी टाळले. पाचव्या दिवशी तिच्या पायाला पट्टी बांधताना म्हणाले, 'आई, गाडीचा पंखा आधी मीच दुरुस्त केला होता.'

'मंग बिघडला कसा?'

'दुरुस्त झालाच नव्हता. मी नीट बघितलं नाही. आत उंदरानं कापूस भरला होता.'

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले आता ती त्या रात्रीबद्दल बोलेल, थंडीबद्दल, घाटाबद्दल. ती म्हणाली, 'पिल्लं व्हती का गं आत?'

'नव्हती.'

'मंग बरं.' आणि थोड्या वेळाने, 'आता नीट केलास का?'

'केला.'

पदराचा डाग दोनदा धुऊनही गेला नाही. तिने तो लुगड्याचा भाग आत दुमडून घ्यायला सुरुवात केली.

फेब्रुवारीच्या मध्याला जखम भरून आली, पण पाय टेकताना ती दात दाबायची. तरी मुकादमाचे फोन सुरू झाले होते. उचल अजून फिटायची होती आणि दादा तिकडे अर्धा कोयता होऊन राबत होते. मी म्हणाले, या खेपेला जाऊ नकोस, मी दुकानात जास्त वेळ बसते. ती हसली. तिने मला माझ्या परीक्षेची तारीख विचारली. तारीख ऐकून म्हणाली, 'मंग वही लिहिण्यापुरतीच बस.' या बाबतीत आमच्यात आजही एकमत नाही. तिला वाटते मी शाळामास्तरीण व्हावे. मला काय वाटते ते माझे मलाच अजून पुरते ठरवता आलेले नाही. दुपारी शेडमध्ये असताना वर्ग आठवतो आणि वर्गात असताना कुणाच्या गाडीचा स्टार्टर ओढतो आहे ते ऐकू येते.

रात्री दहाला अण्णांची जीप बोळात आली. आईला पुढेच बसवले. मी खिडकीतून हात घालून बटण एकवर फिरवले. आईने जाळीपुढे तळवा धरला. ऊस तोडून तिच्या तळव्याला इतके घट्टे पडले आहेत की हलकी हवा तिला कळेल की नाही, अशी मला शंका आली. तिने तळवा उलटा केला आणि मनगटाची आतली बाजू जाळीला लावली.

'येतीया,' ती म्हणाली. मी दोनवर केले. तीनवर केले. चारवर केल्यावर तिच्या कपाळावरचे केस उडाले आणि मागच्या बायका ओरडल्या, 'अगं बंद कर, गारठा सुटलाय!'

गाडी गेली. मी वास घेत तिथेच उभी राहिले. डिझेलचाच होता, दुसरा कुठला नव्हता.

साडेबाराला अण्णांचा फोन आला. येरमाळ्याला चहाला थांबले होते. 'दोनवर ठिवलाय,' ते म्हणाले, 'काच आरशावानी हाय.' मी आईला फोन द्या म्हणाले.

'कशाला उठवतीस? झोपलीय ती, बार्शी आल्यावर बघू.'